चाकोरीतला थरार

मॉलच्या गेमिंग झोनमध्ये स्लॉट कार पाहिल्यात कधी? ट्रॅकला खाच, खाचेत अडकलेली चिमुकली गाडी आणि हातात कंट्रोलर. दिसायला पोरखेळ! पण हौशी मंडळी रेस लावायला बसली की पहिला वाद नियमांवरच होतो. मोटर कुठली, वजन किती, टायर कसले, खाली लोहचुंबक चालणार की नाही? हाच वाद मातीत रंगलेला बघायचा असेल, तर एखाद्या वीकेंडला सोलापूर हायवेवर पाटसला उजवीकडे वळा, बारामती ओलांडा आणि इंदापूरच्या रस्त्याला लागा. काटेवाडी, भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना आणि मग सणसर. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, दोन्ही बाजूंना ऊस आणि सीझनमध्ये डोलत जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. आपली पब्लिक फ्लेमिंगो बघायला भिगवणला जाते, इकडे सहसा कुणी फिरकत नाही.

या पट्ट्याचं वेड म्हणजे बैलगाडी शर्यत. उत्तर पुण्यातल्या घाटातली शर्यत वेगळी. तिथे गाडे एकेक करून सुटतात आणि निकाल सेकंदांवर लागतो. इकडे खिलार बैलांची जोडी, हलका छकडा आणि शेजारी शेजारी आखलेल्या चाकोऱ्या. प्रत्येक गाडीला आपला ‘तास’ ठरलेला. झेंडा पडला की सगळ्या गाड्या एकदम सुटतात! आधी गट, मग सेमी, मग फायनल.

आता गंमत बघा. एखाद्या तासात माती भुसभुशीत, दुसऱ्यात कडक. मग न्याय कसा करायचा? स्लॉट कारवाले प्रत्येकाला प्रत्येक लेनमधून फिरवतात आणि बेरीज करतात. इथे ते शक्यच नाही, कारण मोटर गरम झाली तर थांबून गार करता येते, बैलाचा दम तसा परत भरून येत नाही. फायनल मारणाऱ्या जोडीला आधीच दोनदा जीव तोडून पळावं लागलेलं असतं. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या आणि जो तास निघेल तो मुकाट्याने घ्यायचा. समान संधी नाही, पण समान नशीब!

आणि क्लास? तो ठरतो चक्क दातांवर. दुधाचे दात न पडलेला तो ‘आदत’, दोन पक्के दात आलेला ‘दुसा’, चार आलेला ‘चौसा’. आदतांचं मैदान वेगळं, ओपनचं वेगळं. जन्माचा दाखला नसलेल्या खेळाडूचं वय तपासायची याहून भारी टेक्निकल टेस्ट सापडणार नाही.

पण हे सगळे नियम मालकामालकांमधले झाले. बैलाच्या बाजूने नियम कोण करणार? या एका प्रश्नापायी अख्खा खेळ बंद पडला होता. 7 मे 2014 रोजी सुप्रीम कोर्टाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलला, पण तोही कोर्टात अडकला. 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या नियमांत धाव जास्तीत जास्त 1000 मीटर, प्रशासनाची परवानगी, 50 हजारांची अनामत, जनावरांची डॉक्टरी तपासणी. काठी, चाबूक, विजेचा झटका एकदम बंद! नियम मोडला तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद.

कागदावर झकास आहे. पण निशाण रेषेपाशी लाखालाखांची बक्षिसं, बाजूला बेभान गर्दी आणि धुरळ्यात गाडीवानाच्या हातात नेमकं काय आहे हे बघणारे डोळे मोजकेच. पहिला नंबर कुणाचा यावर वाद झाला की कॅमेऱ्याचं फुटेज दहादा बघितलं जातं. तोच कॅमेरा गाडीवानाच्या हातावर रोखला, तर? ज्याच्या पायांवर सगळा खेळ उभा आहे, त्याला ऑब्जेक्शन घेता येत नाही. हरलेला मालक तरी पंचांशी भांडू शकतो. म्हणून ते ऑब्जेक्शन बघणाऱ्यांनीच घ्यायला हवं, म्हणजे शिट्ट्या मारणाऱ्या आपणसुद्धा.

याच रस्त्यावर एक उलटी शर्यतही आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी असते आणि पुढे बेलवाडीला गोल रिंगण होतं. पताकावाले, तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका, विणेकरी, टाळकरी धावतात आणि शेवटी अश्व सुसाट सुटतात. टायमिंग नाही, बक्षीस नाही, नंबर नाही. अश्व गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात.

जमलं तर दोन्ही बघा. रिंगणासाठी सणसरच्या मुक्कामाची तारीख आधी बघून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच बेलवाडी गाठा. मैदानाला गेलात तर टोपी, पाणी आणि एक प्रश्न बरोबर ठेवा : परवानगीचा कागद बघायला मिळेल का? तो असेल तरच टाळ्या वाजवा!