वाट्याचं आभाळ

माणसाला राहायला किती जागा लागते, हे आपण चौरस फुटांत सांगतो. आभाळ किती लागतं, ते सहसा कुणी मोजत नाही. मुंबईत मात्र एके काळी त्याचंही माप ठरलं होतं : साडेत्रेसष्ट अंश.

हा आकडा वाचला तेव्हा आधी हसूच आलं. आभाळासारखी अफाट गोष्ट, आणि तिच्यात अर्ध्या अंशाची घासाघीस! पण त्या अर्ध्या अंशामागे मरण उभं होतं. १८९६ साली मांडवीत प्लेग आला. ऊन आत शिरावं म्हणून सरकारी माणसं छपरांवरची कौलं उतरवत, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरं रंगवत. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरचा वारा आतल्या वस्तीपर्यंत पोचावा, म्हणून त्याने दाटीतून प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, काढला. ट्रस्टचे अध्यक्ष जेम्स ऑर यांनी उजेडाचा नियम लावून धरला. खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिचा चढ साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. म्हणजे वीस हात उंच भिंतीपुढे दहा हात मोकळं अंगण हवं.

ट्रस्टने पाडलं फार आणि बांधलं कमी. बेघर झालेल्या अनेक गरिबांना नव्या खोल्यांचं भाडं झेपलं नाही. तरीही त्या कोनात एक न्याय होता. तो गच्चीवर उभं राहून मोजता येत नाही. त्यासाठी सगळ्यात खालच्या खोलीत जावं लागतं, तिथल्या माणसाच्या नजरेने वर बघावं लागतं.

त्याच ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्यात, फाइव्ह गार्डन्सच्या आसपास, मे महिन्यातल्या दुपारीही पाय रेंगाळतात. बुटक्या जुन्या इमारती, त्यांच्यामध्ये सोडलेलं अंतर, त्या अंतरात मनासारखी वाढलेली झाडं. बाल्कनीत कुणी पेपर तोंडावर घेऊन पेंगत असतं. वारा एका घरातून दुसऱ्या घरात जातो, आणि जाता जाता रस्त्यावरच्या आपल्यालाही थोडा गारवा देऊन जातो. इथे आपण का खुशीत आलो, हे चटकन उमगत नाही. चांगल्या आखणीची हीच गंमत : ती अंगाला कळते, डोळ्यांना दाखवायला जात नाही.

माझी एक मावशी पुनर्वसनाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. झोपडीपेक्षा घर पक्कं, नळ घरात, संडास घरात. त्याचं तिला अप्रूप आहेच. पण भर दुपारी ट्यूबलाइट लावून ती तांदूळ निवडते. समोरच्या बिऱ्हाडात कुकरची शिट्टी झाली की, “आमचाच झाला वाटतं,” म्हणून उठते. “ऊन बघायचं तर खाली उतरावं लागतं रे,” असं ती सहज सांगते. तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तसं.

अशाच एका पुनर्वसन वसाहतीत, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडात, दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट आहे. ऑरच्या हिशोबाने तीन मीटरच्या फटीपलीकडे सहा मीटर, म्हणजे दोनच मजले चढायला हवेत. तिथे सात-आठ चढले. अशा वसाहतींच्या पाहणीत डॉक्टरांना क्षयाचं नातं उजेड-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांशी जुळलेलं दिसलं. प्लेगने शिकवलेला धडा क्षय पुन्हा गिरवून घेतो आहे.

मोकळ्या जागेला आता शहरात भाव आहे; वरच्या मजल्यावरच्या खिडकीला तर वेगळाच. घर घेताना आपण हमखास विचारतो, इथून काय दिसतं? आपल्या भिंतीमुळे समोरच्या खालच्या घरात दिवसा किती वाजता दिवा लावावा लागेल, हे विचारायची रीत नाही. मंजुरीच्या अर्जावर एवढं एकच उत्तर लिहून मागितलं, तरी कितीतरी नकाशे पुन्हा काढावे लागतील.