नवा रकाना

माझी लेक एका कॉलेजच्या संगणक विभागात नोकरी करते. या दिवाळीत घरी आली, तरी लॅपटॉप काही सुटला नाही. रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो, तर बाईसाहेब जेवणाच्या टेबलावर.

"काय गं, एवढं काय अडलंय?"

"बाबा, एलडॅपचा स्कीमा वाढवायचाय. सगळे झोपलेले असताना केलेलं बरं."

मला काही कळलं नाही हे तिला कळलं. मग म्हणाली, "तुमचं जनरल रजिस्टर आठवा." आता हे मला समजण्यासारखं होतं!

कॉलेजातल्या प्रत्येकाचं नाव, ईमेल, पासवर्ड एका सामायिक नोंदवहीत असतं. ईमेल, वायफाय, प्रयोगशाळा, सगळे तिथेच विचारतात, "हा आपला का?" ती वही क्षणभर मिटली तरी सगळ्यांचं दार बंद. कुठल्या नोंदीत कोणते रकाने असावेत याचे नियम म्हणजे स्कीमा. आता ग्रंथालयाला कार्ड क्रमांक हवा, वसतिगृहाला पालकांचा फोन. म्हणजे चालत्या वहीत रकाने वाढवायचे.

माणसाच्या नोंदीसाठी एक ठरलेला साचा आहे, आयनेटऑर्गपर्सन नावाचा. २००० सालचा. त्याला हात लावायचा नाही, ही पहिली अट. कारण जगभरातले प्रोग्रॅम तो तसाच आहे असं धरून चालतात. आपले रकाने वेगळ्या पूरक साच्यात घालायचे आणि ज्याला लागेल त्याच्या नोंदीला तो जोडायचा. जुन्या वहीला पुरवणी बांधतात ना, तसं. प्रत्येक रकान्याला स्वतःचा क्रमांक, जगात दुसऱ्या कुणाचा नसेल असा. पूर्वी नवा नियम घालायचा तर सर्व्हर बंद करून चालू करावा लागे, ओपनएलडॅपच्या २.३ आवृत्तीपासून चालू असतानाच घालता येतो. तिच्याकडे वहीच्या दोन प्रती आहेत. आधी प्रतींना नियम शिकवायचा, मग मुळाला. उलट केलं तर नव्या रकान्याची नोंद प्रतीकडे जाते आणि प्रत म्हणते, असला रकाना मला ठाऊक नाही. (आमच्या एका हेडक्लार्कची आठवण झाली. असो.)

मग तिने फाईल दाखवली. काही रकान्यांपुढे 'मे' होतं, काहींपुढे 'मस्ट'. म्हणजे ऐच्छिक आणि सक्तीचा. इथे मी थांबलो.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. आमच्या रजिस्टरात आईच्या नावाचा रकाना आला. चांगलीच गोष्ट. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या तर सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लागतं.) पण रकाना कोरा ठेवायचा नाही असं ठरलं आणि वर्गशिक्षक म्हणून मी ते निमूट पाळलं. एका मुलाची आई घर सोडून गेली होती. घरात तिचं नाव काढत नसत. मी दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा त्याला वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्याने आजीचं नाव आणलं. मला ते कळलं होतं. तरी लिहिलं, माझ्याच हस्ताक्षरात. रकाना भरला.

पुढे तेच नाव त्याच्या दाखल्यावर गेलं. बऱ्याच वर्षांनी तो मला भेटला, दुरुस्तीसाठी खेटे घालून दमलेला. मला म्हणाला, "सर, तुम्ही कोरं सोडलं असतं तर चाललं असतं." चिडून नाही, साधंच म्हणाला.

लेकीला हे कधी सांगितलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं. पालकांच्या फोनपुढे 'मस्ट' होतं, तिकडे बघत म्हणाली, "वसतिगृहवाल्यांनी हट्ट धरलाय हो. फोन नसेल तर नोंद घेऊच नका म्हणतात."

"आणि ज्याला पालकच नाहीत त्याने?"

"तो काहीतरी दहा आकडे टाकेल."

त्या रात्री तिने फक्त ग्रंथालयाचे रकाने चढवले. वायफाय चालूच होतं, कुणाला पत्ताही लागला नाही. वसतिगृहाची फाईल तशीच ठेवली. भाऊबीज झाली की रेक्टरबाईंशी बोलेन म्हणाली.