तिखटाचा अंदाज: कनेरगाव नाक्याहून चार पत्रं

पत्र पहिलं

कनेरगाव नाका,
११ डिसेंबर

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. अकोल्याला गाडी बदलली, पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत खिडकी मिळाली आणि वाशीम मागे पडल्यावर थोड्याच वेळात इथे उतरले. मैत्रीण आणि तिचे बाबा स्टेशनवर आले होते. आता ते माझेही काका आणि तिची आई माझी काकू.

चिपळूणला कुठेही मान वर केली की डोंगर. इथे नजर थेट आभाळाला जाऊन टेकते. सोयाबीन कधीच निघालंय, तुरीला शेंगा धरल्यात, हरभरा वीतभर झालाय. हळद अजून जमिनीत आहे, पण पानं पिवळी पडू लागलीत. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हे काकांनी मला स्टेशन ते घर एवढ्या वाटेत दोनदा सांगितलं. वसमत याच हिंगोली जिल्ह्यातलं ना, त्यामुळे मान सगळ्या जिल्ह्याचा.

निघताना तू विचारलं होतंस, गावाच्या नावातला हा नाका कसला? जवळून पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडचं वऱ्हाड इंग्रजांच्या अमलाखाली होतं आणि अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. संस्थानाचा पैसा वेगळा, त्याला हाली सिक्का म्हणत. जकातीचं खातं वेगळं, ते करोडगिरी. सरहद्दीवरच्या वाटांवर करोडगिरीचे नाके असायचे आणि माल तपासून, जकात भरूनच पुढे जाता यायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. काका म्हणतात, नाका गेला पण गावाच्या नावातून काही हलला नाही. आता सीमा उरलीय ती हिंगोली आणि वाशीम जिल्ह्यांची. दोन्ही जिल्हे आपल्या डोळ्यांदेखत झालेले: वाशीम १९९८ चा, हिंगोली १९९९ चा. माणसांची बोली मात्र दोन्हीकडे मिसळलेली. इथेही 'का' न म्हणता 'काहून' म्हणतात. मी जेवताना पाण्याचा तांब्या तिसऱ्यांदा उचलला तेव्हा काकूंनी विचारलं, "काहून, तिखट लागलं का वं?"

लागलं, आई. आणि शनिवारी मारुतीला रोडगे आहेत, म्हणजे राखेत भाजलेल्या गव्हाच्या गोळ्यांचं गावजेवण. मैत्रिणीच्या नोकरीचा नवस बोलला होता. अडीचशे माणूस जेवेल, भाजी एकाच कढईत शिजेल. मी आधीच सांगून ठेवलंय, पहाटेपासून त्या कढईपाशी बसणार.

तुझी,
धाकटी

पत्र दुसरं

कनेरगाव नाका,
१२ डिसेंबर

ती. आई,

आज दिवसभर काकूंच्या मागे मागे होते. त्यांनी काळ्या मसाल्याची चिनी मातीची बरणी उघडली आणि पाठ करून उभी असूनही मला कळलं. आधी दगडफुलाचा मातकट वास, त्यामागून भाजलेल्या खोबऱ्याचा आणि सगळ्यात शेवटी नाकाच्या टोकाशी मिरची.

मसाला उन्हाळ्यात होतो, वर्षाचा एकदम. मिरच्या दोन जातीच्या घेतात, रंगाला सुरकुतलेली ब्याडगी आणि तिखटाला गुंटूर. कडक उन्हात वाळवून देठं खुडायची. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेसर, तमालपत्र, चक्रीफूल, मसाला वेलची, हळकुंड, हिंग, सगळं तेलाच्या बोटावर वेगवेगळं भाजायचं. एकत्र का नाही, असं मी विचारलं. काकूंनी चिमूटभर दगडफूल गरम तव्यावर टाकलं. मी 'एक, दोन' म्हणेपर्यंत ते करपायच्या वाटेवर. मग धणे टाकले. ते किती वेळ हलवत राहिल्या तरी धणे आपले शांत. "ज्याला जेवढी आच सोसते तेवढीच द्यायची," म्हणाल्या. खोबरं अगदी काळपट होईपर्यंत भाजतात आणि मसाल्याचा काळा रंग बराचसा त्यातूनच येतो. आपण ओलं खोबरं वाटून कालवण केलं की त्याच दिवशी संपवावं लागतं. इथे नारळाचं झाड नाही. वाळलेलं खोबरं विकत आणायचं आणि वर्षभर टिकवायचं.

मला वाटायचं, मराठवाड्यात लोक हौसेने तिखट खातात. काकूंच्या सासूबाई दुपारी माच्यावर बसून बोलत होत्या, ते ऐकून माझी समजूत बदलली. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या. सरकारने परदेशातून आणलेली लाल ज्वारी, मिलो, रेशनवर मिळायची. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. भाजी कुठली असणार? दोन मिरच्या आणि मिठाचा खडा पाट्यावर रगडायचा, त्याला लावून अख्खी भाकरी खायची. मिरचीने तोंडाला पाणी सुटतं, म्हणून घास पुढे सरकतो. "तिखट नसतं तर आमी उपाशी उठलो असतो," त्या म्हणाल्या. आई, आपल्याकडे काहीच नसलं तरी सुकट असते, कोकम असतं. इथे ओढग्रस्तीच्या दिवसांत मिरची हीच भाजी होती.

आणि ही मिरची तरी इथली कुठे! ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहून घेतला. त्यात खाण्यापिण्याचं केवढं वर्णन आहे, पण मिरची नाही. तिखटपणाला मिरी आणि आलं. संत नामदेवांचं नरसी याच तालुक्यात आहे. चौदाव्या शतकात तिथल्या कुठल्याच ताटात लाल मिरची नसणार. आज तिच्याशिवाय त्या गावची चूल पेटत नाही.

दादाने ऑस्टिनहून पाठवलेले फोटो आठवतात? थंडीच्या दिवसांत मोठ्या पातेल्यात मांस, वाळक्या मिरच्या, जिरं घालून तासन् तास रटरटणारं ते चिली? टेक्सास राज्याने १९७७ मध्ये त्याला आपला राज्यपदार्थ ठरवलं. त्यात राजमा घालावा की नाही यावरून तिथे अजून भांडतात, असं तो हसत सांगत होता. एकच मिरची, मेक्सिकोच्या बाजूची. एक वाट जमिनीने वर टेक्सासात गेली, दुसरी समुद्राने फिरून पैनगंगेच्या काठी आली. दोन्हीकडे ती मोठ्या भांड्यात पडली आणि माणसं भोवती बसली. उद्या मी तशीच बसणार आहे.

आजीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

पत्र तिसरं

कनेरगाव नाका,
१३ डिसेंबर, रात्री

ती. आई,

हाताला अजून लसणाचा वास आहे. झोप येतेय, पण आजचं आजच लिहिते.

पहाटे थंडी मी म्हणत होती. मारुतीच्या पारामागे चर खणून चूल केली होती आणि तीन माणसांनी कढई आणून तीवर बसवली. आचारी म्हणजे गावातलेच एक शेतकरी, सत्तरीच्या घरातले. सगळे त्यांना मामा म्हणतात. भाजी त्यांच्याच हातची, असं ठरलेलंच असतं. पैसे घेत नाहीत.

सगळं तोलून आणलं होतं, मी वहीत लिहून घेतलं. काटेरी वांगी ४० किलो, कांदे ५, तेल ५, शेंगदाण्याचं कूट ३, सुकं खोबरं दीड, तीळ १, लसूण १. काळा मसाला ६०० ग्रॅम आणि मिरचीपूड ३५०. मी मनात हिशेब केला. आपण अर्धा किलो वांग्यांना लहान दोन चमचे तिखट घालतो, त्या मानाने इथे अर्धा किलो तरी लागायला हवं. मी तसं म्हटलं. मामा हसले नाहीत, नीट समजावून सांगितलं. "घरची भाजी उतरली की गार व्हाया लागते. ही कढई जाळ काढल्यावरबी घंटाभर उकळतच राहती. तिखट तेलात मुरत जातं आन् पुढं चढतं." मोठ्या भांड्यात पाणीही त्या मानाने कमी आटतं, म्हणून रस्सा बेतानेच घालायचा. शंभर माणसांची भाजी म्हणजे चार माणसांची पंचवीसपट नव्हे, हे मी आज शिकले.

आम्ही दहा-बारा जणी वांगी चिरायला बसलो. देठ ठेवून चार चिरा, लगेच मिठाच्या पाण्यात. तिकडे पुरुष मंडळी रोडग्यांच्या मागे होती. गव्हाचं जाडसर पीठ, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, घट्ट मळून गोळे. गोवऱ्यांचा आर पडला की त्यात पुरायचे आणि वरून राख ओढायची.

कढईत तेल तापलं. कांदा लालसर झाला, लसूण पडला. मग मामांनी मिरचीपूड एका गंजात पाण्याने कालवून घेतली आणि पोराला म्हणाले, "जाळ ओढ मागं." लाकडं मागे ओढली, तेलाचा आवाज खाली आला, तेव्हा ती कालवलेली मिरची आत गेली. कोरडी टाकली तर क्षणात जळते, रंग काळा आणि चव कडू. तरी खकाणा उठलाच. पारावरची सगळी पोरं खोकत लांब पळाली आणि लगेच परत आली. मामा सराट्याने, म्हणजे आपल्या उलथण्याच्या मोठ्या भावाने, तळ खरवडत राहिले. हळूहळू कडेला तेल सुटलं आणि त्याला डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग आला. मग कूट, खोबरं, तीळ, काळ्या मसाल्याचा एक भाग, वांगी, वरून आधणाचं पाणी.

आई, आता खरी गोष्ट. ही भाजी कोणी चाखून बघत नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी चव घेणं चालत नाही. चाळीस किलोची भाजी, अडीचशे माणसं, आणि जिभेला विचारायची सोय नाही. मी मामांकडे बघत राहिले. ते वाफेवर वाकून वास घेत. पळीने रस्सा उचलून उंचावरून सोडत आणि धार बघत. सराट्याच्या टोकावरच्या तेलाचा रंग उन्हात धरून पाहत. आधणाला उकळी फुटल्यावर त्यांनी काळ्या मसाल्यातला उरलेला भाग हातात घेतला, थांबले आणि मोठ्याने विचारलं, "लेकरं किती हायेत?" कोणीतरी म्हणालं, साठ-सत्तर. "आन् म्हातारे?" मग त्यांनी एक मोठं बगुणं भरून भाजी बाजूला काढायला लावली आणि नंतरच उरलेला मसाला कढईत घातला. वरची लाल तर्री पळीपळीने वेगळ्या भांड्यात जमवली. ज्याला जाळ पाहिजे त्याने ती वरून घ्यावी. "तिखट मागून टाकता येतं," मला म्हणाले, "काढता येत न्हाई."

नैवेद्य झाला, पंगत बसली. राख झटकलेला रोडगा हाताने फोडायचा, त्यावर तूप, साधं वरण आणि शेजारी भाजी. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला नाक वाहू लागलं. मी पाण्याकडे हात नेला तर शेजारच्या आजींनी थांबवला आणि माझ्या रोडग्यावर आणखी तूप ओतलं. बरोबरच आहे. मिरचीतला झोंबणारा पदार्थ, कॅप्सायसिन, पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. पाण्याने तो तोंडभर फिरतो, तुपाने निघून जातो. त्या आजींनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. रोडग्यावर तूप का, हे त्यांना जिभेने माहीत आहे.

मामा सगळ्यात शेवटी जेवले. भाजीचा घास घेतला, क्षणभर थांबले आणि काही न बोलता दुसरा रोडगा फोडला.

तुझी,
धाकटी

पत्र चौथं

कनेरगाव नाका,
१५ डिसेंबर

ती. आई,

उद्या निघते. काकूंनी पावशेर काळा मसाला बांधून दिलाय, दोन पिशव्यांत घालून, तरी माझ्या सगळ्या कपड्यांना दगडफुलाचा वास लागणार. सोबत हळकुंडं आहेत, गेल्या वर्षीची, घरच्या शेतातली. ती काकांनी दिलीत.

कालपासून एक आठवण मनातून जात नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तुला फोन करून माशाच्या कालवणाचं प्रमाण विचारायचे आणि तू म्हणायचीस, "अंदाजाने घाल." मला राग यायचा. वाटायचं, तुला सांगता येत नाही, किंवा सांगायचं नाही. मिरच्या किती, तिरफळं किती, कोकम किती, एवढं सरळ सांगायला काय हरकत आहे?

परवा मामांनी 'लेकरं किती हायेत' म्हणून विचारलं, तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. कालवणाला उकळी आली की तू आजीची वाटी आधी बाजूला काढायचीस, साधीच, आणि मग शेवटचं वाटण घालायचीस. बाबांना घसा बसलेला असला की त्या दिवशी मिरची कमी. दादा परीक्षेहून आला की जास्त. मी रोज बघत होते, पण हा त्या कालवणाच्या कृतीचा भाग आहे, असं मला कधी वाटलंच नाही. मी फक्त चमचे मोजत होते. तू माणसं मोजत होतीस.

मी वहीत मामांची सगळी वजनं लिहिली आहेत, ४० किलो, ३५० ग्रॅम, सगळं. काल रात्री त्या पानाखाली आणखी एक ओळ लिहिली: आधी बगुणं बाजूला काढणे.

तर आता असं करू. गुरुवारपर्यंत मी घरी येते. येताना इथली काटेरी वांगी दोन किलो आणते, आपल्या बाजारात तशी मिळत नाहीत. तू नेहमीची कढई काढ. मसाला मी घालते, तू शेजारी उभी राहा. आणि आजीची वाटी मी आधी काढून ठेवीन, तू आठवण करू नकोस.

बाबांना आणि आजीला नमस्कार.

तुझी,
धाकटी