हिद्दची तांबडी गोळी

बहारीनमधल्या मुहर्रक बेटाच्या दक्षिणेला, समुद्रात भर घालून वाढवलेल्या जमिनीवर हिद्दची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या बहारीन स्टीलमध्ये लोहखनिजाच्या बारीक भुकटीच्या गोळ्या वळून त्या 1200 अंशांच्या वर भाजतात. तयार गोळी सुपारीहून लहान, गडद तांबूस. अंगठा फिरवला की तांबडी पूड लागते. नीट पाहिलं तर अंगावर बारीक छिद्रं दिसतात. ती छिद्रंच महत्त्वाची. वायू आत शिरतो तो त्यांतूनच.

ही गोळी पाहिली की मला तिच्यातला प्राणवायू आठवतो. निव्वळ हेमॅटाइटच्या वजनात तो 30 टक्के असतो. शेजारच्या सल्ब या पोलाद कंपनीच्या भट्टीत तो काढून घेतात. नैसर्गिक वायूपासून बनवलेले हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तापलेल्या थरातून वर चढतात, प्राणवायू घेऊन निघून जातात आणि मागे स्पंज आयर्न उरतं. आपल्या पेण तालुक्यातल्या डोलवीतही याच पद्धतीनं लोखंड होतं.

पोलादासाठी इथवर पुरे. पण त्या लोखंडाला पुन्हा हवेत नेलं तर? ते तापतं, प्राणवायू भरून घेतं आणि परत इंधनाकडे जायला तयार होतं. रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखे हे कण एका भट्टीत रिकामे होतात, दुसरीत भरतात. इंधनाला प्राणवायू मिळतो, पण हवा त्याला शिवतही नाही. एरवी हवेतल्या 78 टक्के नायट्रोजनमुळे नैसर्गिक वायूच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम 8 ते 10 टक्के उरतो. इथे मात्र इंधनाच्या भट्टीतून फक्त वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. वाफ थंड केली की पाणी वेगळं होतं आणि कार्बन आपसूक हाती येतो.

धुरातून कार्बन वेचणं किती खर्चिक, हे बहारीनला ठाऊक आहे. सित्रा इथल्या गल्फ पेट्रोकेमिकल इंडस्ट्रीज कंपनीत 2010 च्या सुमारास दिवसाला 450 टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा विभाग सुरू झाला. त्यातून युरिया आणि मिथेनॉल बनतं. काम मोलाचंच आहे. पण वायू द्रावणात शोषायचा आणि तो सोडवण्यासाठी द्रावण पुन्हा तापवायचं, यात बरीच वाफ खर्ची पडते. शिवाय युरिया शेतात विरघळला की त्यातला कार्बन पुन्हा हवेत जातो. कायमचा बंदोबस्त करायचा तर तो खोल खडकातच पुरावा लागेल.

दोन भट्ट्यांच्या या रीतीत सगळी मदार प्राणवायू वाहणाऱ्या कणावर आहे. निकेल चपळ, पण महाग आणि विषारी. तांबं गुणी, पण 1085 अंशांना वितळतं, म्हणून कण एकमेकांना चिकटतात. लोखंड संथ, पण स्वस्त आणि निरुपद्रवी. त्याच्या ऑक्साइडची भुकटी ॲल्युमिनासोबत पाण्यात कालवतात, तो पातळ लगदा गरम हवेत फवारून सुकवतात, कण चाळतात आणि तासन् तास भाजतात. भाजणं कमी पडलं तर कणाचा भुगा होतो. जास्त झालं तर छिद्रं बुजतात. मग 900 अंशांच्या आसपास त्याला आळीपाळीनं मिथेन आणि हवा द्यायची. तांबडा कण प्राणवायू सोडत काळा पडतो, हवेत पुन्हा तांबडा होतो. हजारो फेऱ्यांनंतरही त्यानं झिजू नये, ही खरी परीक्षा. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात 2003 साली निकेलच्या कणांवर 10 किलोवॅटची अशी जोडभट्टी 100 तास चालली, तेव्हा हे कागदावरचं गणित उरलं नाही.

आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं पहिलं तेल 1932 साली बहारीनमध्येच लागलं. आज हाच देश 2060 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन देतो. भुकटी, भट्टी, वायू आणि भाजण्याची जाण असलेले हात, सारं हिद्दमध्ये आहे. लोखंडाकडून प्राणवायू घ्यायचा कसा, हे तिथं रोजचं काम आहे. तो परत द्यायचा कसा, याचा एक छोटा प्रयोग त्याच आवारात व्हावा, असं मला मनापासून वाटतं. जाळायचंच असेल, तर कार्बन हवेत मिसळण्याआधीच त्याची जबाबदारी घ्यायला हवी.