आग थांबते, रसायन उरतं

रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्याला आगीची भीती समजावून सांगावी लागत नाही. आमच्या वरसे गावाजवळच धाटावची एमआयडीसी आहे. त्यामुळे फोमला, प्लास्टिकला, वायरीला पेट घेऊ न देणारं रसायन म्हणजे निखळ उपकार, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. आता तसं मानत नाही. माझं मत बदललं ते पाणपक्ष्यांच्या अंड्यांमुळे.

टीव्हीचं कव्हर, सोफ्याचा फोम, सर्किट बोर्ड यांत ब्रोमीनयुक्त अग्निरोधकं घालत. पीबीडीई हा त्यांतला मोठा गट. या गटातली रसायनं प्लास्टिकमध्ये नुसती मिसळलेली असतात, त्याच्याशी बांधली जात नाहीत. म्हणून ती हळूहळू सुटतात आणि धुळीतून, सांडपाण्यातून नदीच्या गाळात पोहोचतात. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत, चरबीत मात्र साठतात. गाळातल्या किड्यांतून मासळीत, मासळीतून पक्ष्यात असा त्यांचा प्रवास होतो. मादी अंडं घालते तेव्हा तिच्या साठ्याचा वाटा पिवळ्या बलकात उतरतो.

बाल्टिक समुद्रातल्या स्टोरा कार्लसो बेटावरची गिलेमॉट पक्ष्यांची अंडी स्वीडनने 1960 च्या दशकाअखेरीपासून जपून ठेवली. ती तपासली तेव्हा पीबीडीईचं प्रमाण 1980 च्या दशकापर्यंत चढत गेलेलं आणि नंतर उतरलेलं दिसलं. उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्सवरच्या कुरव पक्ष्यांच्या अंड्यांत ते 1981 ते 2000 या काळात वाढतच गेलं. प्रयोगात पीबीडीई दिलेल्या केस्ट्रेल ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली. या पक्ष्यांना आगीपासून संरक्षण नको होतं; रसायन मात्र त्यांच्या पिलांपर्यंत गेलं.

मग माणसं जळू द्यायची का? हा प्रश्न मला बराच काळ अडवत होता. उत्तर मिळालं ते कॅलिफोर्नियात. तिथे 1975 पासून सोफ्याच्या फोमने उघड्या ज्योतीची चाचणी पार करावी लागे, म्हणून त्यात रसायनं भरली जात. 2013 मध्ये चाचणीच बदलली. आता धुमसणाऱ्या सिगारेटपुढे सोफ्याचं साहित्य टिकलं की पुरतं, आणि ते रसायनांशिवाय जमतं. सुरक्षितता आणि विष यांची जोडी अटळ नाही, हे मला तेव्हा पटलं.

टिकाऊ विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने पीबीडीईच्या काही प्रकारांवर 2009 मध्ये, तर डेका-बीडीई या प्रकारावर 2017 मध्ये निर्बंध आणले. भारताने 2018 च्या नियमांनी सात रसायनांवर बंदी घातली. त्यांत काही पीबीडीई होती, डेका नव्हतं. आणि बंदीआधीच्या वस्तू अजून घराघरांत आहेत.

भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे आमची कुंडलिका नदी उन्हाळ्यातही वाहते. काठावर बगळे, पाणकावळे दिसले की नदी ठीक आहे असं आपण समजतो. पक्षी दिसण्यावरून एवढंच कळतं की खायला मासे आहेत. त्या माशांत काय आहे, ते अंडं सांगतं. म्हणून वन खात्याच्या परवानगीने, विणीनंतर घरट्यांत उरलेली न उबलेली अंडी तज्ज्ञांनी नियमित तपासावीत, अशी मागणी आपण काठावरच्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून लावून धरायला हवी. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे: जुना टीव्ही, फोमची गादी, तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळू नका, जाळू देऊ नका. ई-कचरा अधिकृत केंद्रातच द्या.