शहागंजच्या मशिदीचं सामान

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीवरून सिटी चौक आणि सराफा ओलांडून शहागंजात शिरलं की मशीद नजरेत भरण्याआधी दुकानं, हातगाड्या आणि रिक्षा समोर येतात. जुन्या वास्तू पाहत हिंडणारे इथं हळहळतात आणि बाजारानं मशीद गिळली म्हणतात. बीबी का मकबरा पाहून आलेल्याला तर हे हमखास वाटतं. मोकळ्या बागेत एकटी उभी असलेली वास्तू डोळ्यांत असते ना! मला ही हळहळ चुकीच्या जागी वाटते. १७२०च्या सुमारास उभी राहिलेली ही मशीद बाजारासकटच बांधली आहे. ती उंच चौथऱ्यावर आहे, चौथऱ्याच्या तीन बाहेरच्या बाजूंना दुकानांचे गाळे आहेत आणि चौथ्या बाजूनं पायऱ्या चढून वर जायचं. गाळे चौथऱ्यातच आहेत, म्हणजे मशीद बाजाराच्या डोक्यावर उभी आहे. तिला बाजारापासून सोडवू गेलात तर पायाच निघेल.

पायऱ्यांवरचं प्रवेशद्वारही एखाद्या छोट्या मशिदीसारखं आहे, टोकदार कमान आणि दोन मिनार. आतल्या दर्शनी भागात नागमोडी कडांच्या पाच कमानी दगडी खांबांवर उभ्या आहेत. आत चोवीस खांब, शिवाय मागच्या भिंतीत अर्धे गुंतलेले सहा. मधल्या भागावर फुगीर घुमट आहे. त्याच्या बुडाशी पानांची नक्षी इतकी नेटकी कोरली आहे, की घुमट त्या पानांतूनच उमलल्यासारखा दिसतो. दोन्ही अंगांना पाच-पाच कमानींच्या ओवऱ्या आहेत. सामान म्हणाल तर मात्र जवळपास काही नाही: मेहराबाचा कोनाडा, प्रवचनाचं मिंबर, पायाखाली चटया. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या गावच्या चर्चशी ताडून पाहिलं तर हा रितेपणा अधिकच जाणवतो. तिथं दाराजवळ बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, वेदीकडचा भाग लोकांपासून वेगळा करणारा कोरीव लाकडी पडदा, भिंतींवर रंगवलेल्या कथा. शहागंजात असलं काही शोधत बसलं तर हाती फारसं लागत नाही. इथलं सामान बाहेर मांडलेलं आहे: अंगणातले दोन मोठे हौद, बाजूच्या ओवऱ्या, खालची दुकानं.

त्यातलं पाणी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याला लेखी पुरावा आहे. इतिहासकार खाफी खान सांगतो, की शहागंजच्या हौदाचं काम दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली यानं सुरू केलं. पुढं इवज खानानं इमारती आणि मशीद वाढवली, पण मूळ श्रेय सय्यदाचंच, आणि उन्हाळ्याच्या टंचाईत हा हौद लोकांना आधार देतो, असंही तो लिहितो. दरबारी लेखक धन्याची स्तुती करणारच, असं कुणी म्हणेल. पण इथं हिशेब उलटा आहे. हुसेन अली म्हणजे ज्यानं १७१८ मध्ये शाहू महाराजांशी चौथाई-सरदेशमुखीचा करार केला आणि ज्याच्याबरोबर बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले, तोच सय्यद. १७२० मध्ये त्याचा खून झाला. त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या निजामाच्या पदरी खाफी खान होता आणि इवज खान निजामाच्या गोटातला. तरीही लेखक मेलेल्या शत्रूला श्रेय देतो. अशी साक्ष सहज उडवून लावता येत नाही. शिवाय जो माणूस शहागंजचं वर्णन करताना मशिदीच्या कमानींऐवजी पाण्यावर बोलतो, त्याला या जागेचं मोल कशात दिसत होतं हेही कळतं. मलिक अंबरच्या नहरींपासून हे शहर जमिनीखालून आणलेल्या पाण्यावरच वाढलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: प्रार्थनेच्या जागेला बाजाराचा गोंगाट शोभतो का? इंग्लंडच्या राजालाही हा प्रश्न पडला होता. १२८५ मध्ये चर्चच्या आवारात जत्रा आणि बाजार भरवायला कायद्यानं बंदी घातली गेली. बंदी घालावी लागली, म्हणजे ते भरतच होते. तिथं बाजार हाकलायचा प्रयत्न झाला; इथं बांधणाऱ्यांनी त्याला खाली जागा दिली आणि नमाज वर उचलून घेतली. चौथऱ्याच्या उंचीचं काम हेच. पाचदहा पायऱ्यांत रस्ता खाली राहतो. दिल्लीत काश्मिरी दरवाज्याजवळची १७२८ची फखरुल मस्जिदही अशीच दुकानांवर उभी आहे, म्हणजे हा काही शहागंजचा एकट्याचा विक्षिप्तपणा नव्हे. गाळ्यांच्या भाड्यावर मशिदीचा खर्च भागवायची रीतही जुनीच.

याचा अर्थ आज दिसतं ते सगळं मूळचं, असा नाही. लोंबत्या तारा, कमानीवर ठोकलेले फलक, ताडपत्र्या खुशाल काढाव्यात. त्यांचा त्या आराखड्याशी संबंध नाही. पण सुशोभीकरणाच्या नावाखाली गाळे हलवून भोवती हिरवळ करायची कल्पना कुणी मांडली, तर तो जीर्णोद्धार नव्हे, मोडतोड ठरेल. आणि डागडुजीचे पैसे आलेच, तर घुमटाला रंग लावण्याआधी ते हौदांवर खर्च व्हावेत.