कुरकुर, किंकाळी आणि खरखर

मराठी माणसाला आवाजांची नावे शिकवावी लागत नाहीत. दार करकरते, पाने सळसळतात, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब चर्र करतो. व्याकरणात यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. दरवर्षी मी ते फळ्यावर लिहितो, मुले उतरवून घेतात आणि परीक्षा संपली की विसरतात. पण या शब्दांच्या छटा ओळखण्यावर चार माणसांचा जीव अवलंबून असू शकतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने मुंबईच्या उपनगरांतून एकदा मोटारीने फिरावे, आणि कान ब्रेककडे ठेवावा.

बोरिवलीहून मुलुंडला जाणे ही पूर्वी परगावी जाण्यासारखी गोष्ट होती. मध्ये डोंगर, जंगल आणि तळी! आता पश्चिम द्रुतगती महामार्गाने जोगेश्वरीपर्यंत खाली यावे, विक्रोळीच्या जोडरस्त्याने पवईच्या तळ्याकाठून पूर्वेला निघावे आणि लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून मुलुंड गाठावे. नकाशावर मार्ग सोपा दिसतो. प्रत्यक्षात पुढची गाडी दोन हात सरकते, मग आपण दोन हात सरकतो. पाय ब्रेकवरून उचलतो तोच पुन्हा ब्रेकवर. मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीपेक्षा अशा गाडीचे ब्रेक लवकर झिजावेत यात नवल नाही. नवल याचे, की ते झिजल्याचे कोणाला ऐकू येत नाही. रिक्षांचे भोंगे, बांधकामांची खडखड, वर काचा बंद आणि आत गाणी. या गदारोळात बिचारा ब्रेक किती ओरडणार?

म्हणून माझा आवडता रस्ता आरे वसाहतीचा. १९४९ साली मुंबईच्या गुरांसाठी ही वसाहत निघाली. तिच्यातून गोरेगावहून मरोळ-पवईकडे जाणारा रस्ता झाडांखालून चढत-उतरत जातो. सकाळी लवकर गेलात तर काच खाली करावी. गाडी एखाद्या भिंतीजवळून चालली असेल तर फारच उत्तम, कारण चाकाचा आवाज भिंतीवर आपटून थेट कानात येतो. उतारावर ब्रेक हलकेच दाबून ऐकावे.

पहिली ऐकू येते ती कुरकुर. रात्रभर गाडी बाहेर उभी असते. खाडीची आणि समुद्राची दमट हवा बिडाच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढवते. सकाळी ब्रेकचे पॅड तो खरवडून काढतात. दोन-चारदा ब्रेक दाबल्यावर ही कुरकुर थांबली तर तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. विजेच्या गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, त्यामुळे तिथे गंज अधिक काळ टिकतो आणि कुरकुरही.

दुसरी खसखस ब्रेक न दाबताच चालू राहते. खड्ड्यांतून उडालेला एखादा खडा डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्ये अडकलेला असतो. गाडी थोडी मागे-पुढे केली की कधी कधी तो आपोआप पडतो. मात्र आवाज घुमता असेल, वेगाबरोबर वाढत असेल आणि वळणावर बदलत असेल, तर ब्रेकला दोष न देता चाकाची बेअरिंग तपासून घ्यावी.

तिसरी म्हणजे किंकाळी. बारीक, उंच, दातांवर शिरशिरी आणणारी. पुष्कळ गाड्यांच्या पॅडला पोलादाची एक छोटी जीभ मुद्दाम बसवलेली असते. नव्या पॅडवरचा मसाला सुमारे १० ते १२ मिलिमीटर जाड. तो झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ही जीभ डिस्कला टेकते आणि किंचाळू लागते. बनवणाऱ्यानेच ठेवलेली ही दवंडी आहे! दमट हवेने किंवा धुळीनेही ब्रेक क्वचित किंचाळतो, पण रोज, प्रत्येक थांब्याला किंचाळू लागला तर त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे.

आणि चौथी खरखर. जाड, खालच्या सुरातली, पायाखालच्या पेडलपर्यंत जाणवणारी. मसाला संपला, आता पॅडच्या पाठीचे लोखंड डिस्कच्या लोखंडावर घासते आहे. येथे आठवड्याची भाषा नाही. गाडी त्याच दिवशी उभी करावी.

या खरखरीचे जुने माहेर कुर्ला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे तिथेच फियाट तयार झाली, तिचीच पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी होऊन मुंबईभर फिरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या गाडीला ड्रमचे ब्रेक असत. ड्रमच्या आतल्या शूवर लायनर रिव्हेटांनी ठोकलेला असला, तर तो झिजताच रिव्हेटांची डोकी ड्रमवर चरे पाडीत. आजही अनेक गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रमच आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा रस्तोरस्ती गाड्या बुडाल्या. पाण्याबरोबर ड्रममध्ये शिरलेला गाळ मागाहून असाच खरखरतो. अंधेरीच्या भुयारी रस्त्यात पाणी तुंबणे तर दर पावसाळ्यातले. अशा पाण्यातून बाहेर पडल्यावर हळू चालवीत ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवावा. ओला ब्रेक ऐनवेळी धरत नाही.

कुर्ल्याच्या गल्ल्यांत अजून गॅरेजे आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी गेल्या दिवाळीच्या आधी माझ्यासमोर घडलेला प्रसंग. घाटकोपरचे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "मिस्त्री, ब्रेक जरा आवाज करतो. उद्या पहाटे नाशिकला निघायचंय, भाऊबीज आहे."

"कसा करतो? किर्र, का खर्र?"

"आधी किर्र करायचा. गणपतीपासून खर्र करतो."

मिस्त्रींनी चाक काढले. पॅडवर मसाल्याचा कण नव्हता आणि डिस्कवर बोट फिरवले तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा. "साहेब, किर्र करत होता तेव्हा आला असतात तर नुसत्या पॅडवर भागलं असतं. आता डिस्कपण गेली. गाडी उद्या दुपारी मिळेल."

"पण जाताना तर सगळा चढच आहे हो!"

"आणि येताना?" मिस्त्रींनी विचारले.

गृहस्थ गप्प झाले. पोऱ्या हवेच्या नळीने ड्रममधली काळी धूळ उडवू लागला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला थांबवून ओले फडके दिले. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ती धूळ फुप्फुसात गेली की कायमची बसते. ही समज सगळ्याच गॅरेजांत असती तर बरे झाले असते.

"आणि येताना?" या प्रश्नात मुंबईकराच्या सुटीचा सारा भूगोल आहे. आपण समुद्रकाठची माणसे; पुण्याला जा की नाशिकला, घाट जाताना चढायचा आणि परतताना उतरायचा. म्हणजे ब्रेकची खरी परीक्षा सुटी संपल्यावर. माणसे दमलेली, मागे तांदळाचे पोते, आजीने दिलेले फराळाचे डबे, मुले झोपलेली, आणि उद्याचे ऑफिस डोळ्यांसमोर. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर, खोपोली शंभराच्याही आत. बाराशे किलोची गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा जी उष्णता निर्माण होऊ शकते तिने वीसेक लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकली तर चांगला पॅडही तापून धरेनासा होतो. मग झिजलेल्याची काय कथा? म्हणून घाट उतरताना गिअर खालचा ठेवावा, इंजिनाला गाडी धरू द्यावी आणि इंजिन कधीही बंद करू नये. ब्रेकवर पाय सतत टेकून न ठेवता मधून मधून ठामपणे दाबून सोडावा.

खाली उतरल्यावर जळका वास आला, किंवा एकच चाक इतरांपेक्षा फार तापलेले वाटले, तर ते ब्रेक फार तापल्याचे किंवा चिकटल्याचे लक्षण. गाडी सुरक्षित जागी उभी करावी, चहा घ्यावा, अर्धा तास जाऊ द्यावा. वाटेतले हौशी लोक अशा वेळी बाटलीतले पाणी चाकावर ओतायला धावतात. त्यांना हात जोडून थांबवावे. तापलेली डिस्क गार पाण्याने वाकते, तडकतेसुद्धा.